समोरची खोली

त्या सकाळी समोरचं शटर वाजलं नाही. तो आपल्या दुकानाच्या पायरीशी वाकून उभा होता. कुलूप काढून झालं होतं, शटरच्या कडीत बोटं अडकवून झाली होती, आता फक्त वर ढकलायचं होतं. आणि ते तो समोरचं वाजल्याशिवाय कधी ढकलत नसे. असं काही ठरलेलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं. पण इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. समोरचा थोडा आधी यायचा, त्याचं शटर मध्येच एकदा अडायचं, तो घसा खाकरायचा, खालून एक हिसका द्यायचा आणि मग ते धडधडत वर जायचं. तो आवाज पुरता विरायच्या आत याचं शटर वर. आधी उघडलं तर आपण गरजू दिसतो, फार मागे राहिलं तर पहिलं गिऱ्हाईक समोर जातं, असा आपला हिशेब. आता कंबर भरून आली, बोटांना कडीचा गार लोखंडी वास लागला, तरी मागून काही ऐकू येईना. शेवटी त्यानं वळून बघितलं. समोरच्या शटरवर बाहेरून मोठं कुलूप होतं आणि वरची पाटी नव्हती. पाटी होती तिथे भिंतीचा जुना रंग तसाच राहिला होता, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ.

"गेले की ते," कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला. "काल दुपारी टेम्पो आला होता. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात ना, तेव्हाच. त्या कपड्यांच्या कंपनीनं तिकडे खोली दिली म्हणे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?" त्यानं मान हलवली, त्यातून हो की नाही, काहीही काढता आलं असतं. काल काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात जीभ परत परत जात होती, आणि औषधाची कडू चव घशात उतरत होती. त्याला आधी जे वाटलं ते चक्क आनंदासारखं होतं. सुटलो. बाजार आपल्या एकट्याचा. मग त्यानं शटर वर ढकललं, आणि त्या शटरचा आवाज सगळ्या गल्लीत एकटाच असा काही घुमला की त्याला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

दुकान बटणांचं होतं. लांबट, अरुंद खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुठ्ठ्याच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण दोऱ्यानं टाचलेलं. शिंपी कापडाचं कात्रण घेऊन यायचे. ते कात्रण घेऊन हा दारात यायचा, कारण आतला पिवळा दिवा रंगाच्या बाबतीत पक्का लबाड. दारात उजेडाला कात्रण धरायचं, त्यावर एकेक बटण ठेवून बघायचं. आणि हे सगळं समोरच्याच्या डोळ्यांदेखत. समोरचाही मग आपल्या दारात यायचा. तो हाताची घडी घालून उभा राहिला तर समजावं, हा रंग त्याच्याकडे आहे आणि भाव ताणण्यात अर्थ नाही. फडकं घेऊन काच पुसायला लागला तर समजावं, नाही. मग थोडं चढवून सांगायला हरकत नसे. या एवढ्या भांडवलावर याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आपल्याकडे पाहून समोरच्याला काय कळतं, हे मात्र त्याला बरीच वर्षं माहीत नव्हतं. एकदा बायको डबा घेऊन दुकानात आली होती, तीच बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, माल नसला की तुम्ही कान खाजवता. तुमचे ते तिकडे लगेच फडकं ठेवतात."

"तुमचे ते" हा तिचाच शब्द. बायका नवऱ्याला आमचे हे म्हणतात त्या चालीवर तिनं समोरच्याला तुमचे ते करून टाकलं होतं. तुमचे ते आले का आज? तुमच्या त्यांनी काय भाव लावला? जेवताना नुसता भात चिवडत बसलात, तुमच्या त्यांच्याशी बिनसलं वाटतं. हा चिडायचा. म्हणायचा, तो माझ्या पोटावर पाय द्यायला बसलाय आणि तुला थट्टा सुचतेय. त्यावर ती म्हणायची, "दिवसभर तुम्ही बघता कोणाकडे? माझ्याकडे की त्याच्याकडे?" ती गेली तेव्हा त्यानं दुकान बरेच दिवस उघडलं नाही. नंतर एका सकाळी उगाच आपलं कुठे तरी जायचं म्हणून तो गल्लीत आला, कुलूप काढलं, आणि समोरचं शटर वाजलं. चहावाल्यानं सांगितलं, तुमच्यासारखंच त्यांचंही बंदच होतं इतके दिवस. त्यावर याच्या मनात काय आलं असेल, तर आपण नाही म्हटल्यावर गडी मजेत फिरून आला. आज पाटी निघालेल्या त्या उजळ भिंतीकडे बघताना त्याला ते पहिल्यांदाच सरळ दिसलं, आणि त्याला आपली लाज वाटली.

खरं तर इतक्या वर्षांत दोघं एक शब्दही बोलले नव्हते. भांडण झालं म्हणावं तर तेही नाही. सुरुवातीला ताठा होता, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर बोलणं अशक्यच होऊन बसलं. कारण आता बोलायचं म्हटलं तर आजवर का बोललो नाही याचा खुलासा आधी करावा लागला असता. तशी याची अक्कल सुरुवातीला फार पुढे धावलेली. लग्नानंतर लगेच त्यानं पहिलं दुकान थाटलं ते पार दुसऱ्या टोकाला, जिथे शिंपी उदंड आणि बटणवाला औषधालाही नाही अशा वस्तीत. स्पर्धाच नाही म्हटल्यावर राज्य आपलंच, असा विचार. तो माश्या मारत बसला. शिंपी यायचे ते एखादं बटण कमी पडलं तरच. बाकी सगळी खरेदी ते या गल्लीत येऊन करायचे, कारण इथे नाही मिळालं तर तिथे मिळेल, आणि याचा भाव त्याला सांगता येईल. बटणं ओतणारा साचेवाला तर तोंडावर म्हणाला, "तुमच्या एकट्यासाठी इतक्या लांब गाडी कोण आणणार? दुकान मांडायचं तर चार दुकानं असतात तिथे मांडा." म्हणून तो इथे आला. मोकळा गाळा एकच होता, समोरच्याच्या समोर. पहिल्या दिवशी समोरचा दारात आला, हाताची घडी घातली, याच्या पेट्या उतरताना शांतपणे बघितल्या आणि त्याच दुपारी आपला भाव उतरवला. ते याचं स्वागत.

तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. मग कपड्यांची ती मोठी कंपनी आली, दूर बाहेर, जिथे आधी नुसतं माळरान होतं. कापडवाले तिच्या मागे गेले, त्यांच्या मागे दोरेवाले, चेनवाले, लेबलं विणणारे. साचेवाल्यानंही आपली भट्टी उचलून कंपनीच्या भिंतीला खेटून नेली. हा साचेवाला मोठा गमतीचा माणूस. दोघांचाही माल तोच ओतायचा, आणि पेट्या उतरवताना सहज बोलल्यासारखं सांगायचा, समोर या वेळी निळा जास्त घेतलाय बरं का. समोर जाऊन याचंही सांगत असणार. चहाडी म्हणावी तर त्याचा पोटाचा धंदा, पण दोघांमध्ये जे काही येणं-जाणं होतं ते तेवढंच. आता तो फोन उचलायचा तोच घाईत: "कंपनीचं आधी द्यावं लागतं हो. तुमचं राहिलं-साहिलं बघतो." राहिलं-साहिलं म्हणजे कंपनीनं नाकारलेले रंग. पेट्यांच्या तोंडावरची बटणं तशीच होती, पण कित्येक पेट्या उचलल्या की हलक्या लागायच्या, आणि आतला खुळखुळ पोकळ यायचा.

समोरचा गेल्यानंतरच्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. राखाडीत किंचित जांभळी झाक असलेलं कात्रण. तो दारात आला, कात्रण उजेडाला धरलं आणि मान आपोआप वर झाली. समोर कुलूप. आता भाव काय सांगायचा? घडी नाही, फडकं नाही. शेवटी त्यानं एक आकडा सांगितला, आणि सांगता सांगताच त्याला वाटलं की हा फार जास्त आहे, की फार कमी? बाई म्हणाल्या, "समोर एकदा विचारून येते," आणि पाठ फिरवून चार पावलं गेल्यावर थांबल्या. थोडा वेळ त्या बंद शटरकडे बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्यासारखं काही तरी होतं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तिकडे मोठ्या बाजारात बघते." भाव योग्य होता. तो समोर विचारता आला असता तर बाई परत येऊन याच भावानं घेऊन गेल्या असत्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नुसता एकट्याचा खरा भाव कोणाला खरा वाटत नाही. आणि खोटं कशाला बोला, त्याला स्वतःलाही तो खरा वाटेनासा झाला होता. त्या दुपारी तो बराच वेळ पेट्यांवरची धूळ झटकत राहिला. मध्येच त्याच्या ध्यानात आलं की आपल्या हातात फडकं आहे आणि आपण काच पुसतोय.

कंपनीचा फोन आला तो अशाच एका दुपारी. खरेदीच्या बाई बोलत होत्या, तरुण आवाज, स्वच्छ, घाई नसलेला. पुरवठादारांच्या इमारतीत एक खोली मोकळी आहे, तुमचं नाव सुचवलं गेलंय. कोणी सुचवलं, असं त्यानं विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याच गल्लीतले आहेत ना काका, ते आधी आलेले. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला किमान दोन पुरवठादार लागतात. एकच असला तर आम्ही भाव कशावरून ठरवणार? त्यांना सांगितलं होतं, दुसरा मिळाला नाही तर बटणं आम्ही बाहेरून मागवू. त्यांनी तुमचं नाव दिलं." फोन ठेवल्यावर तो गल्ल्यावर बसून राहिला. म्हणजे आपण त्याला हवे आहोत. पण कशाला हवे? त्याची खोली टिकावी म्हणून, की दारात उभं राहिल्यावर समोर कोणी तरी असावं म्हणून? हा प्रश्न त्यानं उलटसुलट करून बघितला. दोन्हींत फरक काय, हे त्याला स्वतःपुरतंही सांगता येईना.

संध्याकाळी मुलीला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. ती एका विमा कार्यालयात काम करायची, आकड्यांना भिणारी नव्हती. "जा बाबा," ती म्हणाली. "इथे काय राहिलंय?"

"ते दोघांना झुंजवणार. जो खाली उतरेल त्याचा माल. उतरता उतरता एक जण संपेल."

"गल्लीत काय वेगळं होतं? आयुष्यभर तेच तर केलंत."

"तिथे दिसायचं," तो म्हणाला.

"काय दिसायचं?"

समोरचा फार खाली उतरला की त्याच्या खांद्यांवरून कळायचं. मग हा एखादं गिऱ्हाईक जाऊ द्यायचा, म्हणजे मुद्दाम नाही, पण जरा जास्तच सावकाश पेट्या काढायचा. मुलीच्या आजारपणात याचा सगळा पैसा दवाखान्यात अडकला होता, तेव्हा समोरच्याकडे महिनाभर कुठलाच रंग नव्हता. सकाळपासून फडकं. इतकी स्वच्छ काच त्या गल्लीत कोणी पाहिली नसेल. हे मुलीला कसं सांगायचं? सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तुम्ही बोलला का नाहीत कधी? मुलगी भाजी फोडणीला टाकून म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, तुमचे ते जिथे जातील तिथे तुम्ही जाणारच." तो हसला नाही. तिचा आवाज आईसारखा होतोय, हे त्याला नुकतंच जाणवलं होतं, आणि घरात दोनच ताटं मांडलेली होती.

इमारत पाहायला गेला तेव्हा भर दुपार होती, पण आत ते कळत नव्हतं. लांबच लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना काचेच्या खोल्या, वर दिव्यांच्या पांढऱ्या नळ्या. दारं आपोआप सरकायची, आवाज न करता; आणि दारात माणूस हालचाल न करता उभा राहिला तर कोणी नाही असं समजून पुन्हा मिटायची. खरेदीच्या बाई बऱ्या होत्या, काका काका करत सगळं समजावून सांगत होत्या. कंपनी सकाळी दोघांनाही एकच कात्रण पाठवते. दुपारपर्यंत दोघांनी आपापल्या संगणकावर दर भरायचा. कोणाचा दर काय, ते कोणालाच दिसत नाही. मार्गिकेत प्रत्येक दोन दारांमध्ये एक पाटी होती: दर उघडेपर्यंत पुरवठादारांनी आपसात बोलू नये. छताला कॅमेरा होता. "एवढं मात्र पाळा हं," बाई म्हणाल्या. "बोलताना दिसलं तर दोघांचे दर बाद, आणि खोल्याही जातात. यात आमच्याही हातात काही नसतं." त्याला हसू आलं. इतकी वर्षं कोणीही अडवलं नव्हतं, तेव्हा तोंड उघडलं नाही. आता त्याच गोष्टीला कॅमेरा लावला होता. समोरच्याची खोली बाईंनी दाखवली. तो जेवायला गेला होता. टेबलावर ओळखीच्या पेट्या, तोंडावर टाचलेली बटणं, आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेलं फडकं. याच्यासाठी ठेवलेली खोली त्याच्या शेजारची, मोठी, खिडकीवाली.

"समोरची नाही का?" त्यानं विचारलं.

"समोरची लहान आहे, काका. खिडकी पण नाही. दोऱ्यांची रिळं ठेवलीत तिथे."

"चालेल. समोरची द्या."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "लोक उलट म्हणतात, प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नको."

तो कान खाजवत उभा राहिला. शेवटी बाईंनी रिळं हलवायला सांगितली. घरी येताना त्यानं गल्लीतून चक्कर मारली, बंद शटरसमोर क्षणभर उभा राहिला. आपण धंद्यासाठी चाललोय असं कोणालाही सांगता आलं असतं. पण खरं ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं: त्याला गिऱ्हाइकाविना चार दिवस काढता आले असते, त्या माणसाविना काढता आले नव्हते. हे कळून बरं वाटण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या सकाळी तो वेळेआधीच आला. दार नुसतं बाजूला सरकलं. ढकलायला काही नव्हतं, कान लावायला काही नव्हतं. खोलीला रिळांचा, मेणाचा वास राहिला होता. थोड्या वेळानं समोरचा आला. मार्गिकेतून चालत आला तेव्हा याला तो बुटका वाटला. कळेना, हा आधीपासूनच एवढा होता की गल्लीत पायरीवर उभा असल्यामुळे उंच दिसायचा? केस पार पांढरे झालेत, हेही याला आजच दिसलं. त्यानं इकडे बघितलं, म्हणजे बघितलं असं वाटलं, आणि आत जाऊन संगणकासमोर बसला. पाठ इकडे. इतक्या वर्षांत त्याची पाठ यानं कधी पाहिली नव्हती. दोन्ही काचांवर वरच्या नळ्या उमटल्या होत्या, आणि त्या दोन उजेडांच्या पलीकडे एक वाकलेली मान. इतकं सामान हलवलं, इतकी जुनी जागा सोडली, ती ही मान बघायला.

कात्रण आलं. त्यावर रंगाचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक. संगणकावर दराची रिकामी चौकट होती आणि तिच्या टोकाशी एक बारीक रेघ लुकलुकत होती. यानं एक आकडा लिहिला, खोडला. दुसरा लिहिला. त्याच्यापेक्षा कमी लिहिला तर तो जाईल, जास्त लिहिला तर आपण जाऊ. आणि तो काय लिहितोय ते त्या मानेवरून कळत नव्हतं. मुळात हा रंग कोणता? हिरवा की करडा? नळीखाली कात्रण धरलं तर हिरवा, टेबलावर ठेवलं तर करडा. एकेक पेटी काढून बघितली, सगळीच बटणं त्याला चालतील असं वाटत होतं आणि एकही चालत नव्हतं. मग हातात कात्रण घेऊन तो उठला. ठरवून नव्हे, पायच ते, त्यांना रंग बघायला दाराकडे जायचं एवढंच माहीत. दार सरकलं. तो उंबऱ्याच्या जागी उभा राहिला, तिथे उंबरा नव्हता, आणि कात्रण वर धरलं.

समोरच्या खोलीत खुर्ची सरकली. समोरचा वळला. त्याच्याही हातात तेच कात्रण होतं. तो आपल्या दारात आला, दार सरकलं, आणि दोघं मार्गिकेच्या दोन बाजूंना उभे राहिले, नळ्यांखाली, बाजूला ती पाटी. यानं सवयीनं त्याच्या हातांकडे बघितलं. समोरच्यानं हाताची घडी घातली नाही. फडकंही घेतलं नाही. हात तसेच लोंबकळत ठेवून तो याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नव्हतं, कारण त्यालाही काही माहीत नव्हतं. तेवढं मात्र याला लख्ख कळलं. समोरच्यानं घसा खाकरला. शटर अडल्यावर खाकरायचा तसाच.

"रंग कळत नाही हो इथे," तो म्हणाला.

आवाज बारीक होता. इतका बारीक असेल असं याला कधी वाटलं नव्हतं. वर छताला कॅमेऱ्याचा लाल ठिपका होता, आणि आत चौकटीत दर भरायचा राहिला होता.

"नाही कळत," हा म्हणाला.

ते तसेच, न हलता उभे राहिले, गल्लीत उभे राहायचे तसे. याच्या दाराला वाटलं कोणी नाही, आणि ते हळूहळू मिटायला लागलं. तेव्हा यानं एक पाऊल बाहेर टाकलं आणि ते तिथेच ठेवलं.